पायाखालची पोकळी – भाग ७ : महामार्गाखालची गुहा

अर्विंगच्या जमिनीखाली प्रसिद्ध अशी एकही गुहा नाही. डॅलसला खेटून वसलेल्या या शहराच्या पायाखाली आहे ती चिकण काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस लागला की ती फुगते. तिच्याबरोबर घरेही हलतात आणि भिंतींना तडे जातात. म्हणून ऑगस्टच्या उन्हात इथले रहिवासी बागेइतकेच घराच्या पायालाही पाणी घालतात. पायाभोवती पाझरणारी रबरी नळीच पसरून ठेवतात. अकोल्या-यवतमाळकडून नोकरीसाठी इथे आलेल्या माणसाला या मातीची ओळख करून द्यावी लागत नाही. कापसाची काळी जमीन ती हीच, आणि टेक्ससच्या या पट्ट्यातही तिच्यावर कापूसच पिकत आला.

गुहा पाहायची तर आय-३५ हा महामार्ग धरून दक्षिणेला निघावे लागते. अडीच-तीन तासांनी, ऑस्टिनच्या थोडे अलीकडे, जॉर्जटाउन लागते. १९६३ साली हाच रस्ता बांधला जात असताना महामार्ग खात्याची माणसे इथे एका पुलाच्या पायासाठी खडकाची चाचणी घेत होती. सुमारे ४० फूट घट्ट खडक भेदल्यावर ड्रिलचे टोक अचानक निसटले आणि २६ फूट खाली जाऊन थांबले. खाली पोकळी होती! भोक मोठे करून एक माणूस त्या ड्रिलवरच उभा राहून खाली उतरला. दिव्याच्या उजेडात त्याला दिसले ते चुनखडीचे दालन. १९६६ मध्ये ही ‘इनर स्पेस’ गुहा लोकांसाठी खुली झाली. मॅमथसारख्या हिमयुगातल्या प्राण्यांची हाडेही तिच्यात सापडली. रस्ता मात्र ठरल्या जागीच झाला. ऑस्टिनला निघालेल्या गाड्या आजही या गुहेवरून धावतात आणि गाडीतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

रस्त्याखाली गुहा निघाली, हा निव्वळ योगायोग नव्हता. वेकोपासून सॅन अँटोनिओपर्यंत आय-३५ जवळजवळ एका जुन्या प्रस्तरभंगाच्या कडेकडेने जातो. बाल्कोनीझ हे त्याचे नाव. त्याच्या पश्चिमेला चुनखडीचे उंच पठार, पूर्वेला काळ्या मातीची सपाटी. पठारावर पडलेला पाऊस मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतो. त्याचे सौम्य आम्ल होते आणि ते चुनखडी विरघळवत जाते. भेगा रुंदावतात, भेगांचे बोगदे होतात. हेच पाणी प्रस्तरभंगाच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. ऑस्टिनचे बार्टन, पुढे सॅन मार्कोस, न्यू ब्राउनफेल्सचे कोमाल हे असे मोठे झरे. जिथे झरा, तिथे वस्ती. आणि जिथे वस्त्या, तिथून रस्ता. ज्या पाण्याने गुहा कोरल्या, त्यानेच रस्त्याची वाटही आखून दिली होती.

याच रेषेवर आणखी दक्षिणेला, सॅन अँटोनिओजवळ, १९६० मध्ये चार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ‘नॅचरल ब्रिज’ गुहा शोधली. तिच्या छतातून अजून पाणी ठिबकते आणि लवणस्तंभ अजून वाढतात. म्हणूनच त्यांना हात लावायची मनाई असते, कारण बोटांचा तेलकटपणा बसला की त्या जागी थर धरत नाही. तिथून जवळच ब्रॅकन गुहा आहे. उन्हाळ्यात तिच्यात दीड ते दोन कोटी वटवाघळे राहतात. पिल्ले वाढवण्यासाठी मेक्सिकोकडून आलेल्या या माद्या. संध्याकाळी त्या बाहेर पडू लागल्या की त्यांचा थवा हवामान खात्याच्या रडारवर पावसाच्या ढगासारखा उमटतो.

मराठी पाहुण्याला इथे एक छोटा धक्का बसतो. ‘केव्ह’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे अजिंठा आणि वेरूळ येते. पण ती लेणी आहेत, म्हणजे माणसाने घडवलेली. सह्याद्रीचा काळा कातळ हा थिजलेला लाव्हा. चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून महाराष्ट्रात ठिबकत्या लवणस्तंभांची अशी प्रचंड दालने नाहीत. उलट हा कातळ अभंग आणि भक्कम. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात कारागिरांनी वेरूळचे कैलास लेणे माथ्यापासून खाली कोरत आणले, ते त्या भक्कमपणाच्या भरवशावर. टेक्ससमध्ये जे काम पाण्याने केले, ते इथे छिन्नी-हातोड्याने झाले.

पाण्याचीही एक तऱ्हा नसते. अर्विंगहून पश्चिमेला दिवसभराच्या वाटेवर, न्यू मेक्सिकोत, कार्ल्सबाड गुहा आहे. खनिज तेलाच्या साठ्यांतून वर आलेला हायड्रोजन सल्फाइड वायू प्राणवायूयुक्त पाण्यात मिसळला, त्याचे सल्फ्युरिक आम्ल झाले आणि त्याने ही दालने पोखरली. २०२४ मध्ये तिथे कुणा पर्यटकाच्या हातून मक्याच्या कुरकुऱ्यांचे पाकीट पडले. दमट हवेत ते भिजले, त्यावर बुरशी धरली आणि बुरशीमागोमाग किडे आले. चिवड्याचा डबा घेऊन सहलीला निघणाऱ्या कुटुंबांनीही लक्षात ठेवावा असा हा प्रसंग.

आणि थिजलेल्या लाव्हात पोकळी होतच नाही का? होते, पण ती खडक थिजता-थिजताच. प्रवाहाची वरची साय घट्ट होते, आतला रस पुढे निघून जातो आणि मागे बोगदा उरतो. चंद्रावर असे बोगदे असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. तिथल्या शांतिसागरात सुमारे शंभर मीटर रुंदीचा एक खड्डा आहे. एलआरओ या नासाच्या यानाने घेतलेल्या रडार-नोंदी संशोधकांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्याच्या तळातून आत जाणारी गुहा असल्याचे २०२४ मध्ये पुढे आले. चंद्राचा पृष्ठभाग दिवसा शंभर अंशांच्या वर तापतो आणि रात्री शून्याखाली दीडशेच्याही पलीकडे जातो; पण या खड्ड्यातल्या सावलीत तापमान १७ अंशांच्या आसपास टिकून राहते, असा अंदाज आहे. चांद्रयान-१ च्या छायाचित्रांतही विषुववृत्ताजवळ सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीची अशी एक नळी इस्रोच्या शास्त्रज्ञांना आढळली होती. तिचा खडक बेसाल्टच, सह्याद्रीच्या जातकुळीचा.

(पुढील भागात : वादळात आडोसा शोधणाऱ्या एका गावकऱ्याला सापडलेली व्हिएतनाममधली सोन दोंग गुहा)