पाठपिशवीची पारख

आमच्या घराच्या माळ्यावर खाकी कॅनव्हासची एक झोळी पुष्कळ वर्षे पडून होती. ती वडिलांची. धुळे जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी सुरतेस आल्यावर त्यांनी ती जुन्या बाजारात घेतली होती. लष्करातून मोडीत निघालेल्या सामानात अशा झोळ्या त्या काळी सहज मिळत. वडिलांचे एक स्नेही शिकारीचे शौकीन होते. डांगच्या रानात जायचे झाले की ते ही झोळी मागून नेत. त्यातून काडतुसे, भाकरी, कांदे आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या जात असे. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर बंधने आली, १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपूर्णच बंद झाली आणि ते योग्यच झाले. शिकारी गेले. पण रानाची आणि डोंगराची ओढ काही गेली नाही. आज त्याच वाटांनी दुर्बीण, कॅमेरा आणि शिदोरी घेतलेली माणसे हिंडतात. त्यांच्या पाठीवर झोळीऐवजी जी वस्तू असते, तिला सारेजण ‘सॅक’ म्हणतात.

या सॅकविषयी चार शब्द लिहावेत असे वाटण्यास एक प्रसंग कारण झाला.

कतारगामातील आमच्या शाळेत दरवर्षी आठवीच्या मुलांची एक सहल निघते. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही साल्हेर निवडला. सुरतेच्या मराठी मुलांना हा गड दाखवावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराज परतले ते बागलाणातून, मुल्हेरच्या परिसरातून. पुढे १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. १५६७ मीटर उंचीचा हा गड महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असून २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला आहे. डांग ओलांडला की बागलाण लागते. आपल्या मुलांना इतका जवळचा इतिहास दुसरा कोणता?

सहलीसाठी मी नवी सॅक घेतली होती. दिसायला देखणी, खिसे भरपूर, चकचकीत साखळ्या आणि किंमत अवघी साडेचारशे रुपये. तिच्यात मी प्रथमोपचाराची पेटी, दोन लिटर पाणी आणि एका विद्यार्थ्याचा दम्याचा पंप ठेवला. तो पंप मुलाच्या आईने निघताना माझ्या हाती दिला होता. “सर, तेवढा जपून ठेवा,” एवढेच ती म्हणाली होती.

वर परशुरामाच्या मंदिराचे दर्शन घेऊन आम्ही उतरू लागलो. कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर एका मुलाला पाणी देण्यासाठी मी सॅक काढली आणि आळसाने पुन्हा एकाच खांद्यावर अडकवली. दहा-वीस पायऱ्या उतरलो असेन. वरचा पट्टा शिवणीतून सुटला. सॅक खाली झुकली. मी पट्टा धरून ठेवला, तर त्या हिसक्याने खालची पट्टीही निसटली. पट्टा माझ्या हातात राहिला आणि सॅक करवीच्या झुडपांतून घरंगळत दरीत गेली.

पुढे अर्ध्या तासाने, धुळीच्या उतारावर, त्या मुलाला धाप लागली. त्याचे ओठ पाहून माझे हातपाय गळाले. तेवढ्यात त्याने स्वतःच कमरेच्या बटव्यातून दुसरा पंप काढला. आईने तो त्याच्याजवळही दिला होता. बटवा जुन्या कापडाचा, घरी शिवलेला, पण त्याचा एक टाकाही हलला नव्हता. दहा मिनिटांत मुलाचा श्वास ताळ्यावर आला. माझा मात्र पायथा येईपर्यंत आला नाही.

सुरतेस परतल्यावर मी तो तुटका पट्टा घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो, घडले ते सांगितले आणि क्षमा मागितली. मुलाची आई दप्तरे शिवण्याच्या एका लहान कारखान्यात मशीनवर बसते. ती रागावेल, असे मला वाटले होते. तिने पट्टा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “सर, कापड फाटलं नाही, शिवण उसवली. हे बघा, इथे एकच धाव मारलीय. आम्हाला असाच माल घाईत काढायला सांगतात.”

“ताई, मग घेणाऱ्याने ओळखायचं कसं?” मी विचारले.

त्या संध्याकाळी तिने मला जे शिकवले, तेच पुढे माझ्या भाषेत मांडतो. त्यात मी नंतर वाचून आणि वापरून पडताळलेल्या काही गोष्टींची भर घातली आहे.

पहिली पारख शिवणीची. सॅक आतून उलटी करून पाहावी. पट्टा ज्या ठिकाणी पाठीला जोडलेला असतो, तेथे साऱ्या ओझ्याचा ताण येतो. तेथे एकेरी शिवण असेल तर सॅक खाली ठेवावी आणि दुकानातून निघावे. चांगल्या सॅकमध्ये त्या जागी चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असते, अथवा आडव्या टाक्यांची दाट पट्टी असते. कापडाच्या कडा आतून फितीने बांधलेल्या असाव्यात, कारण उघड्या कडेचे धागे सुटत जाऊन अखेर शिवणच निखळते. मग दोन्ही हातांनी पट्टा आणि पाठ विरुद्ध दिशांना ओढावी. टाक्यांमध्ये फट दिसली तर ती पुढे वाढणारच.

दुसरी पारख कापडाची. येथे आपण सुरतकर भाग्यवान आहोत, कारण ‘डेनियर’ हा शब्द आपल्याकडे मागावर काम करणारा कोणीही सांगेल. ९००० मीटर लांबीच्या धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. हलक्या दप्तरांस ३०० डेनियरचे पॉलिएस्टर वापरतात. डोंगरात खडकाला घासणाऱ्या सॅकसाठी ते ६०० च्या आसपास असावे. नायलॉन घासणे अधिक सोसते, म्हणून ४२० डेनियरचे नायलॉनही पुरे होते. पॉलिएस्टर पाणी कमी शोषते आणि उन्हाला अधिक टिकते, शिवाय ते स्वस्त. एवंच, बेताच्या पैशांत जाड पॉलिएस्टर ही वाईट निवड नव्हे. मात्र तळाला कापडाचा दुहेरी थर हवाच, कारण सॅक प्रथम फाटते ती तेथेच.

वडिलांच्या कॅनव्हासचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. सुती कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात आणि वीण घट्ट होते, त्यामुळे तो पाणी बराच अडवतो. पण भिजून तो जड होतो आणि ओला राहिला तर बुरशीने कुजतो. आमची झोळी अखेर अशीच गेली.

तिसरी पारख साखळीची, म्हणजे चेनची. चेनच्या मागे पुष्कळदा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो. मिटलेल्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर, असा त्याचा ढोबळ अर्थ. मोठ्या कप्प्याला ८ वा १० क्रमांकाची चेन असावी, लहान खिशांना ५ चालेल. दुकानातच वळणावरून ती पाचदहा वेळा सरकवून पाहावी. अडखळणारी चेन घरी नेल्यावर सुधारत नाही. वापरून सैल झालेल्या चेनचा बहुधा सरकता भागच झिजलेला असतो, दात शाबूत असतात. तो भाग थोड्या पैशांत बदलून मिळतो. त्यासाठी सॅक टाकून देणे हा शुद्ध अपव्यय होय.

चौथी पारख पाठीची. पट्टे खांद्याच्या वळणाप्रमाणे वाकलेले आणि चार बोटे रुंद असावेत. आतील फोम अंगठ्याने दाबून पाहावा. अंगठा सहज तळाला टेकला तर तो फोम वर्षभरात चपटा होणार. छातीवरील आडवी पट्टी पट्टे खांद्यावरून घसरू देत नाही, आणि कमरेचा पट्टा उतारावर सॅक हलू देत नाही. सॅक रिकामी घालून पाहू नये. दुकानदाराकडून चार-पाच किलोचा जिन्नस मागून घ्यावा, आत ठेवावा आणि दुकानात चार फेऱ्या माराव्यात. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

आकाराविषयी लोभ नसावा. एका दिवसाच्या भटकंतीला २० ते २५ लिटरची सॅक पुरते, पावसाळ्यात किंवा मुलांचे सामान सोबत असल्यास ३० लिटरची. मोठी घेतली की माणूस ती भरतोच. शालेय दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटले आहे. डोंगरावर मुलांसाठी तोच नियम पाळावा. चाळीस किलोच्या मुलाच्या पाठीवर चार किलो, आणि त्यात दोन लिटर पाण्याचेच दोन किलो होतात, हे ध्यानात असावे.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. कापड पाणी अडवील, पण टाक्यांच्या भोकांतून आणि चेनमधून ते शिरतेच. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे व औषधे ठेवणे, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. कापडाच्या आतील बाजूस जो पातळ लेप असतो, तो दमट हवेत कालांतराने चिकट होऊन पापुद्र्यासारखा सुटतो. तापीकाठच्या आपल्या पावसाळ्यात हे लवकर घडते. म्हणून सॅक ओली ठेवू नये, मशीनमध्ये धुऊ नये. साध्या साबणाने हातांनी धुवावी, सावलीत वाळवावी आणि हवेशीर खुंटीला टांगावी.

आता पैशाचा हिशोब. माझी साडेचारशेची सॅक एका सहलीतच गेली. त्यानंतर मी चौदाशे रुपयांची साधी, एका मोठ्या कप्प्याची सॅक घेतली. ती सात वर्षे टिकली तर वर्षाला दोनशे पडतील. स्वस्त वस्तू दरवर्षी घेणारा अखेर अधिकच मोजतो. पण हा हिशोब मांडताना मला एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्या बहुतेक पालकांना चौदाशे रुपये एकदम काढणे शक्य नसते. त्यांनी साडेचारशेची वस्तू घेतली, तर तो त्यांचा अडाणीपणा नव्हे. शहाणपण सांगणाऱ्याने हे भान ठेवलेच पाहिजे.

म्हणून आम्ही एक साधा उपाय केला. सहलीच्या आठवडाभर आधी सर्व मुलांनी आपापल्या सॅक शाळेच्या ओसरीत आणून ठेवायच्या. त्या ताई सुट्टीच्या दिवशी येतात आणि प्रत्येक सॅकचे पट्टे ओढून पाहतात. जेथे शंका येते तेथे खडूने खूण करतात. मग नाक्यावरचे चर्मकार काका जाड नायलॉनच्या दोऱ्याने त्या जागा हाताने शिवून देतात. दर सॅकमागे वीस-तीस रुपये खर्च येतो आणि तो आम्ही शिक्षक वाटून घेतो. साडेचारशेची सॅकही अशी शिवून घेतली की दोन-तीन वर्षे बिनतक्रार चालते. आणखी एक नियम केला आहे. औषध कोणाचेही असो, ते दोन ठिकाणी ठेवायचे, एक शिक्षकाजवळ आणि एक मुलाच्या अंगावर.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा साल्हेरला गेलो. तोच मुलगा, आता दहावीतला, लहान मुलांना सांभाळण्यासाठी मुद्दाम आला होता. उतरताना त्या पायऱ्यांपाशी तो थांबला, मागे वळला आणि म्हणाला, “सर, दोन्ही खांद्यांवर घ्या.”

मी निमूटपणे दुसरा पट्टा चढवला.