नेम चुकला, दोष कोणाचा?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण दुसऱ्यास लावताना आपणांस मोठी मौज वाटते. परंतु कधी कधी अंगण खरोखरीच वाकडे असते, हेही विसरून चालत नाही. अंगण वाकडे की पाऊल वाकडे, याचा निवाडा कसा करावा, हे शिकविणारी एक उत्तम क्रीडा म्हणजे पिस्तुलाची नेमबाजी होय.

ऑलिंपिकमधील हवेच्या पिस्तुलाच्या स्पर्धेत लक्ष्य १० मीटर अंतरावर असते. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर, आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर! त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर पुढे सरकलेले असते. पिस्तुलावर दुर्बीण लावण्यास परवानगी नाही. नळीच्या पुढच्या टोकावर माशी आणि मागे चौकोनी खाच, एवढ्याच साधनांनी नेम धरावयाचा. खाचेच्या मधोमध माशी उभी राहावी, तिच्या दोन्ही बाजूंस प्रकाशाच्या सारख्या फटी दिसाव्यात आणि दोहोंचे माथे एका पातळीत यावेत, हा नेमाचा पाया होय. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते. म्हणून दृष्टी माशीवर ठेवावी. लक्ष्य किंचित अंधूक दिसले तरी चालेल.

याचे कारण भूमितीत आहे. खाच आणि माशी यांत ३२० मिलिमीटर अंतर आहे असे समजू. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर डावीकडे कलली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने १० मीटरवर तो अर्धा मिलिमीटर एकतीस पटींहून अधिक वाढतो आणि छर्रा सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे दोन वर्तुळे, डावीकडे जातो. याउलट माशी व खाच यांचा मेळ न बिघडता सबंध हातच ५ मिलिमीटर सरकला, तर छर्राही ५ मिलिमीटरच सरकतो. सारांश, हाताच्या थोड्याशा डुलण्याला भ्यावयाचे कारण नाही. भ्यावयाचे ते माशीच्या कलण्याला.

आता छर्रे मध्यावर न लागता खाली डावीकडे लागू लागले, तर काय करावे? नवशिका लगेच खाचेचा स्क्रू फिरवितो. ही पहिली चूक होय. एका छर्ऱ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. निदान पाच छर्रे सारख्याच रीतीने मारून छिद्रांचा पुंजका पाहावा. छिद्रे चहूकडे विखुरली असतील, तर खाच सरकवून उपयोग नाही. विखुरलेपण सरकविल्याने एकत्र येत नाही. अशा वेळी कसूर बहुधा नेमबाजाची असते. क्वचित छर्ऱ्यांची किंवा एखाद्या ढिल्या स्क्रूचीही असते, म्हणून तेही तपासून घ्यावे.

पुंजका घट्ट, पण एका बाजूस असेल, तर संशय खाचेवर जातो. तरीही थांबावे, कारण माणूस एकच चूक मोठ्या नेमाने पुन:पुन्हा करू शकतो. उजव्या हाताचा नेमबाज चापावरील बोटाबरोबर सगळी मूठ आवळतो, तेव्हा नळीचे तोंड खाली व डावीकडे झुकते. म्हणून काही कसोट्या लावाव्यात. छर्रा न भरता, त्यासाठी असलेल्या सोयीने कोरडा चाप ओढावा. माशी हलली तर दोष बोटाचा. डोळे मिटून हात उचलावा व मग उघडावे. नेम एका बाजूस दिसला तर हात न वळविता पावले सरकवावीत. प्रत्येक छर्रा सुटताच, लक्ष्याकडे पाहण्यापूर्वी, तो कोठे लागला असेल ते वहीत लिहावे. शेवटी तेच पिस्तूल एखाद्या कसलेल्या नेमबाजाच्या हाती द्यावे. त्याचाही पुंजका त्याच बाजूस पडला, तर मात्र अंगण वाकडे!

मगच खाचेला हात लावावा. नियम सोपा आहे : छिद्रे जिकडे न्यावयाची, तिकडे खाच सरकवावी. छिद्रे खाली डावीकडे असतील, तर खाच वर आणि उजवीकडे न्यावी. फेरफार थोडा करावा, पुन्हा पाच छर्रे मारावेत आणि केलेला बदल लिहून ठेवावा. हे सर्व प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, नळी सदैव लक्ष्याच्या दिशेस ठेवून आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवूनच करावयाचे असते.

साधनाचा दोष खरा असू शकतो, याचे उदाहरण मनू भाकर हिचे आहे. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत तिचे पिस्तूल ऐन वेळी नादुरुस्त झाले आणि दुरुस्तीत तिचा बहुमोल वेळ गेला. ५७५ गुण मिळवून ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी मात्र पहिल्या आठांचीच होती. दोष यंत्राचा होता, तरी गुण परत मिळाले नाहीत. पुढे पॅरिस येथे २०२४ मध्ये तिने याच क्रीडाप्रकारात कांस्यपदक मिळविले, आणि दोनच दिवसांनी सरबजोत सिंग याच्यासह मिश्र स्पर्धेत दुसरे.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत गुण कमी पडले की प्रश्नपत्रिका कठीण होती, असे आपण चटकन म्हणतो. कदाचित ती कठीण असेलही. परंतु तसे म्हणण्याचा अधिकार, ज्याने आधी स्वत:ची वही प्रामाणिकपणे तपासली, त्यालाच पोहोचतो. स्क्रू फिरविणे सोपे. पण चुकीच्या सवयीसाठी सरकविलेली खाच, ती सवय सुटली की खऱ्या नेमालाही चुकवू लागते.