दोन समुद्रांमधला घाट

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरला एक रस्ता पूर्वेकडे फुटतो. हिरव्या माथ्याचे किलोमीटरचे दगड, म्हणजे राज्यमार्ग. महाबळेश्वर इथून जेमतेम 40 किलोमीटर. पण तेवढ्यात हा रस्ता साधारण तेराशे मीटर चढतो.

पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. पुढे कापड्याला तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठचा फाटा लागतो. सावित्रीचं खोरं हळूहळू खाली राहतं आणि आंबेनळी घाटाची वळणं सुरू होतात.

चढून गेल्यावर प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा-कुंभरोशी येतं. इथे गाडीतून उतरून डोंगराची धार नीट पाहावी. या धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला कोयनेत जातो, कराडला कृष्णेत मिसळतो आणि थेट बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचतो. याच धारेवर शिवाजी महाराजांनी 1656 च्या सुमारास प्रतापगड बांधून घेतला. कोकणात उतरणारी पारघाटाची वाट त्याच्या नजरेखाली राहिली. 1659 मध्ये अफजलखानाची फौज वाईहून रडतोंडीच्या घाटाने पारला उतरली, ती याच मुलखात. पार गावात कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे. त्या पुलासाठी तरी पारला वाट वाकडी करावी.

वाड्याहून महाबळेश्वरकडे पुन्हा चढ. आणि या घाटात दरडी का कोसळतात, हे कोडं उलगडतं ते इथेच. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे. तो पाणी पितो. खाली काळ्या पाषाणाचे थर, आणि त्यांच्यामध्ये कुठे कुठे मऊ, लाल मातकट पट्टे. वरून झिरपलेलं पाणी या पट्ट्यांवर अडतं आणि माती फुगून सैल होते. त्यातच रस्त्यासाठी उताराचा पायथा कापलेला असतो. डोंगरकडेचं गटार तुंबलं, मोरी बुजली, की पाणी रस्त्यावरून वाहू लागतं आणि दरीकडची बाजू खचवतं. दरड वरून येते, पण रस्ता पुष्कळदा खालून जातो.

23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. घाट ठिकठिकाणी तुटला, वाहून गेला. एवढ्या पावसापुढे कुठलीही मोरी पुरी पडली नसती, हे मान्य. पण दरवर्षीच्या पावसात रस्ता टिकतो की नाही, ते मोऱ्यांवरच ठरतं. पूर्वी मैलकामगार आपापल्या टप्प्यात फावडं घेऊन फिरत आणि पावसाच्या तोंडावर गटारं मोकळी करत. ती पद्धत मागे पडली. दरड कोसळल्यावर जेसीबी धावतो. फावड्याचं काम मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मला ते डांबराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

घाट बंद झाला की पर्यटक बेत बदलतो. महाडहून साताऱ्याला निघालेला माल चिपळूण गाठून कुंभार्ली घाटाने कराडकडे वळतो. वरंध घाटाचा तर पावसाळ्यात भरवसाच नसतो. पण पार-कुंभरोशीच्या लोकांचा तालुका महाबळेश्वर. तहसील तिथे, सरकारी दवाखाना तिथे, आणि तिकडे जाणारा रस्ता हाच.