पानिपतचा प्रवास : एक नियोजन

मराठी भाषेत ‘पानिपत होणे’ म्हणजे दारुण पराभव होणे. ‘विश्वास पानिपतच्या लढाईत गेला’ असे आजही बोलण्याच्या ओघात म्हटले जाते. शब्द असा ओठांवर असला, तरी पानिपत प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडीच असतात. हरियाणातील हे शहर दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे. पाच दिवसांची सवड काढली, तर तेथील इतिहास, लोकजीवन आणि त्या प्रदेशातील पक्षिजीवन या तिन्हींचा परिचय होऊ शकतो. मात्र त्यासाठी प्रवासाची आखणी विचारपूर्वक करावी लागते.

हेतू आणि पूर्वतयारी

कोणत्याही प्रवासाचा आरंभ ‘काय पाहायचे आणि कशासाठी?’ या प्रश्नापासून होतो. पानिपतावर तीन मोठ्या लढाया झाल्या. १५२६ मध्ये बाबराने इब्राहिम लोदीचा, १५५६ मध्ये अकबराच्या सैन्याने हेमूचा आणि १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीने मराठ्यांचा पराभव केला. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथातील काही प्रकरणे जाण्यापूर्वी वाचली, तर तिसऱ्या लढाईचे स्वरूप ध्यानात येते.

मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठी फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली. तिच्यासोबत न लढणारी हजारो माणसे आणि यात्रेकरूही होते. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन ठाकला. दक्षिणेकडील वाट बंद झाली. छावणीत धान्य आणि चारा संपत गेला आणि अखेर उपाशी सैन्याला लढाईस उभे राहावे लागले. हे ठाऊक नसेल, तर प्रवाशाला तेथे केवळ सपाट शेते दिसतात. ठाऊक असेल, तर तीच शेते बोलू लागतात.

ऋतूची निवड

या भागात स्थलांतरित पक्षी साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दिसतात. परंतु डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी या दिवसांत दाट धुके पडते व रेल्वेगाड्यांना विलंब होतो. म्हणून नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी हा काळ सोयीचा ठरतो. १४ जानेवारीच्या स्मृतिदिनास उपस्थित राहण्याची इच्छा असल्यास एक दिवस राखीव ठेवावा. महाराष्ट्रातील थंडीच्या अनुभवावर विसंबून राहू नये. उबदार कपडे पुरेसे घ्यावेत.

पाच दिवसांचा क्रम

पहिला दिवस दिल्लीहून पानिपतास पोहोचण्यासाठी आणि विश्रांतीसाठी ठेवावा. दिल्लीहून तेथे रेल्वेने किंवा बसने जाता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरील ‘काला अंब’ या ठिकाणी जावे. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते. रणातील रक्ताने त्याची पाने काळवंडली, अशी आख्यायिका आहे. त्या जागी आज विटांचा स्मृतिस्तंभ उभा आहे. दुपारी इब्राहिम लोदीची साधी कबर आणि विजयानंतर बाबराने बांधवलेली काबुली बाग मशीद पाहावी. शहरातील देवी मंदिर मराठ्यांनी उभारले, असे परंपरा सांगते.

तिसरा दिवस आजच्या पानिपतासाठी द्यावा. बू अली शाह कलंदर या सुफी संताच्या दर्ग्याच्या परिसरातच ‘यादगार-ए-गालिब’ लिहिणारे उर्दू कवी अल्ताफ हुसैन हाली (१८३७-१९१४) यांची कबर आहे. पानिपत हे विणकरांचेही शहर आहे. देशविदेशांतील जुने लोकरी कपडे येथे येतात. ते पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढले जाते आणि त्यापासून घोंगड्या विणल्या जातात. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या अनेक निर्वासितांनी येथे नव्याने संसार उभे केले. पराभवाची खूण म्हणून ओळखले जाणारे हे गाव असे कष्टाने जगणारे आणि जगवणारे आहे.

चौथ्या दिवशी सुमारे ७० किलोमीटरवरील कुरुक्षेत्रास जावे. मराठी छावणीतील यात्रेकरूंच्या मनात हेच तीर्थ होते. या परिसरात रोड समाजाची वस्ती आहे. त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. इतिहासकारांत याविषयी मतभेद आहेत. प्रवाशाने ही श्रद्धा आदराने ऐकावी. पण श्रद्धा आणि सिद्ध झालेला इतिहास यांतील भेदही ओळखावा. त्याच संध्याकाळी गुरुग्रामला मुक्कामास यावे. हा प्रवास लांबचा असल्याने कुरुक्षेत्राहून दुपारीच निघावे.

पाचव्या दिवशी पहाटे गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान गाठावे. सुमारे दीड चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून येथे येतात. चित्रबलाक, सारस आणि नीलगायीही दिसतात. पायवाट सोडू नये, मोठ्याने बोलू नये आणि पक्ष्यांना खाऊ घालू नये. शक्य असल्यास दुर्बीण जवळ ठेवावी.

खर्च आणि व्यवस्था

प्रवासभाडे, निवास, भोजन, प्रवेशशुल्क आणि आकस्मिक खर्च असे पाच रकाने करून अंदाज मांडावा. चार-पाच जण एकत्र असल्यास वाहनाचा खर्च वाटला जातो. रेल्वेचे आरक्षण तारीख ठरताच करावे. उद्यान आणि संग्रहालय यांची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी. ओळखपत्र, नेहमीची औषधे आणि एक वही विसरू नये. वहीत रोज रात्री दिवसभरात पाहिलेले व ऐकलेले टिपून ठेवावे.

१७६० च्या त्या मोहिमेत माणसे शूर होती. कमी पडली ती रसद आणि परतीची वाट. प्रवास लहान असो वा मोठा, शिधा, वेळ आणि परतीचा मार्ग यांचा विचार निघण्यापूर्वीच करावा, हा धडा पानिपताहून अधिक स्पष्टपणे क्वचितच कोठे मिळेल.