चष्म्याचा कायदा आणि पत्र्याची शेड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळच्या भोसरीत एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडरवर ओतीव भाग घासणारा कामगार पाहावा. त्याच्या डोळ्यांवर बहुधा काहीच नसते. असलाच तर साधा उन्हाचा चष्मा. चाकावरून उडालेला कण बुबुळात रुतला की शेजारचाच कोणी रुमालाच्या टोकाने तो काढतो आणि काम पुढे चालू राहते. वेल्डिंगची गोष्ट निराळी. तेथले अतिनील किरण लागतात तेव्हा कळतही नाहीत. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होऊ लागली, म्हणजे कळतात.

यासाठी आपल्याकडे नियम नव्हते असे नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 35 व्या कलमात अशा कामांसाठी पडदे अथवा योग्य चष्मे पुरविण्याची तरतूद होती. संरक्षक चष्म्यांसाठी आयएस 5983 हे भारतीय मानकही ठरले. परंतु वीज वापरणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यास त्या अधिनियमाप्रमाणे 10 कामगार लागत. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेप्रमाणे 20 लागतात. चार माणसांची शेड जुन्या मोजणीतही बाहेर होती, नव्या मोजणीतही बाहेरच आहे.

मालक म्हणतात, चष्मे दिले तरी पोरे घालत नाहीत. हे खरे आहे, पण अर्धेच. घामाने काच धूसर होते, तिच्यावर ओरखडे पडतात, आणि मजुरी तर नगावर असते. काच पुसण्यात गेलेला वेळ कामगाराच्याच खिशातून जातो. म्हणजे चष्मा विकत घेतो मालक, पण त्याची किंमत रोज मोजतो कामगार. आणि डोळाच गेला तर? 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने एका डोळ्याची दृष्टी जाणे म्हणजे कमाईची 30 टक्के शक्ती जाणे, असे ठरवून टाकले. लेथवर खोलीचा अंदाज दोन डोळ्यांनी घेतला जातो, हे त्या आकड्याला कोठून ठाऊक असणार?

प्रत्येक शेडला निरीक्षक पुरणार नाही, हे उघड आहे. मात्र तेथे घासले जाणारे भाग पुष्कळदा मोठ्या कारखान्यांचेच असतात. ते आपला माणूस पाठवून मापे मिलिमीटरच्या शतांशापर्यंत तपासून घेतात. त्याच माणसाने चष्मेही तपासावेत, बदली काचांचा खर्च कामाच्या दरात धरावा, आणि ही अट खरेदीच्या करारातच लिहिली जावी. दर नगामागे हा बोजा काही पैशांपलीकडे जाईल, असे मला वाटत नाही.