मनीला काय आवडेल?

मिरजेला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे गेल्या दिवाळीत एक मोठे पार्सल आले. पाठवणारी तिची परदेशातील नात. आणि पार्सल होते मनीसाठी. मनी हे मावशीचे तेरा वर्षांचे मांजर. आत एक मखमली गादी होती, पिसांचा उंदीर होता, आपोआप पळणारा चेंडू होता, आणि कप्पे सरकवून खाऊ बाहेर काढावा लागेल असे एक प्लॅस्टिकचे कोडेही होते. मनीने प्रत्येक वस्तूला एकदा नाक लावले, पाठ फिरवली आणि ती रिकाम्या खोक्यात जाऊन बसली. ‘नखरेल आहे मेली,’ असे मावशी कौतुकाने म्हणाली खरी. परंतु संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातीला काय सांगावे, या विचाराने ती जराशी खट्टू झाली होती.

मांजर असलेल्या बहुतेक घरांना हा अनुभव परिचित असेल. कुत्र्यापुढे काहीही टाकले तरी ते शेपटी हलवून स्वीकारते. मांजर मात्र भेट तपासून घेते, आणि बहुधा नाकारते. त्याला आपण नखरा म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्या नकारामागे बहुतेक वेळा काही कारण असते आणि ते शोधले, तर योग्य भेट आपोआप सापडते.

प्रथम त्या खोक्याविषयी. मांजर शिकारी आहे, हे आपण जाणतो. परंतु ते आकाराने लहान असल्याने मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही ठरू शकते, हे विसरतो. तीन बाजू झाकलेल्या आणि चौथीतून सारे दिसेल अशा जागेत त्याला निर्धास्त वाटते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांचे निरीक्षण केले. ज्यांना लपायला खोके मिळाले, ती नव्या जागेला लवकर सरावली. तेव्हा खोके टाकून देऊ नये. त्यावरील चिकटपट्ट्या आणि पिना तेवढ्या काढाव्यात, आत अंगावरची एखादी जुनी, न धुतलेली सुती साडी घालावी. मावशीचा वास असलेली साडी मनीला मखमलीहून प्रिय वाटणारच. घरातील वृद्ध व्यक्तीला रुग्णालयात ठेवावे लागले, तर मागे राहिलेल्या मांजरासाठी असे वस्त्र फारच उपयोगी पडते.

प्लॅस्टिकच्या कोड्याचीही एक गंमत आहे. बहुतेक प्राण्यांना आयते अन्न समोर असतानाही थोडे श्रम करून खाणे आवडते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात हाच प्रयोग पाळीव मांजरांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. मांजरांनी सरळ आयती थाळी पसंत केली. मनी त्याला अपवाद कशी असेल?

खाऊची निवड करताना तर आपण आपलीच जीभ मांजराला चिकटवतो. मांजराला गोड चव कळत नाही. ती ओळखणारे जनुकच त्याच्यात निकामी झालेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. पेढ्याचा तुकडा त्याने चाटला, तर त्याला हवे असते त्यातील स्निग्ध. दुधाबद्दलही आपली समजूत चुकीची आहे. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणींत शोभते. पण वाढ पूर्ण झालेल्या कित्येक मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही आणि पोट बिघडते. त्याऐवजी मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेले कोंबडीचे दोन-चार तुकडे द्यावेत. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात, त्यामुळे आपल्या ताटातील रस्सा नकोच. मांजर चवीपेक्षा वासावर जेवते. फ्रिजमधून काढलेले थंड अन्न त्याने हुंगून सोडले, तर ते कोमट करून पाहावे. वय झालेल्या मांजराचे नाक मंदावलेले असते. त्याच्या बाबतीत एवढ्यानेही फरक पडतो.

खेळणे द्यायचे, तर ते भक्ष्यासारखे वागले पाहिजे: दबावे, थबकावे, दूर पळावे. स्वतःच गरगरत अंगावर येणारा चेंडू कोणता उंदीर होईल? एका हलक्या काठीला कापडाची रुंद पट्टी घट्ट बांधली, की खुर्चीत बसूनही आजी-आजोबांना मांजराला खेळवता येते. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटे पुरतात, आणि शेवटी पट्टी ‘पकडू’ द्यावी. मात्र खेळ संपताच काठी कपाटात गेली पाहिजे. मांजराच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. तोंडात शिरलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही. तो आतड्यात अडकला, तर शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. आपल्या घरांत असा धोका जागोजागी पडलेला असतो: विणकामाची लोकर, शिवणाची सुई-दोऱ्याची पेटी, सुकलेल्या गजऱ्याचा दोरा. दोऱ्याचे टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून बाहेर दिसले, तर ते ओढू नये. तसेच मांजर पशुवैद्याकडे न्यावे.

आता मनीच्या खऱ्या नखऱ्याकडे येतो. पार्सल येऊन आठवडा झाला असेल. मावशी सहज म्हणाली, ‘हल्ली ही खिडकीत बसत नाही. रस्त्यावरची चिमणीसुद्धा नको झालीय तिला.’ ती खिडकी म्हणजे मनीची तेरा वर्षांची हक्काची जागा. मांजर दुखणे लपवते. ते लंगडत नाही, विव्हळत नाही, फक्त एकेक गोष्ट सोडून देते. उडी सोडते, पाठीमागचे अंग चाटून साफ करणे सोडते, कधी मातीच्या ट्रेचा काठ उंच वाटतो म्हणून बाहेरच शी-शू करते. पशुवैद्याने तपासले तेव्हा संधिवात निघाला. म्हाताऱ्या मांजरांत तो अत्यंत सर्रास आढळतो. मावशीचे दोन्ही गुडघे गेली दहा वर्षे दुखत आहेत, आणि तिला हे उमगले नाही, याचे तिला फार वाईट वाटले.

म्हणून नखरा नवा असेल, तर भेटवस्तूच्या दुकानाआधी दवाखाना गाठावा. जन्मभर मासळीवर तुटून पडणारे मांजर अचानक तोंड फिरवू लागले, तर दात, मूत्रपिंड अशी अनेक कारणे असू शकतात. एक दिवसाहून अधिक काळ त्याने काहीच खाल्ले नाही, तर वाट पाहू नये. काही दिवसांच्या उपाशीपणाने मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते.

दुखते म्हणून आपल्या डब्यातील गोळी मात्र चुकूनही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते. गुडघ्याला चोळायच्या मलमांचेही तसेच. आपल्या अंगाला लावलेल्या फ्लर्बिप्रोफेनयुक्त मलमाच्या संपर्काने मांजरे आजारी पडून दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली इशारा दिला होता. मलम लावलेल्या मांडीवर मांजर झोपते आणि चाटते, एवढे पुरते. मलम लावल्यावर हात धुवावेत, ती जागा कापडाने झाकावी. आजाऱ्याला भेटायला येणारे लिलीची फुले आणतात, तीही मांजराच्या घरात नकोत. पराग अंगावर पडून चाटले गेले किंवा फुलदाणीतील पाणी प्यायले गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

एक भेट मांजराला द्यायची, पण माणसासाठी: गळ्यातील घुंगरू. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा प्रश्न. आपल्याकडे तो मंद दृष्टीच्या माणसाचा आहे. रात्री न्हाणीघराकडे जाताना पायात आलेले मांजर मांडीचे हाड मोडायला पुरेसे होते. पट्टा मात्र ओढ बसताच आपोआप सुटणारा घ्यावा, नाहीतर तो कुठेतरी अडकून मांजराला फास बसेल. काही मांजरे पट्टा सहन करत नाहीत. तिथे हट्ट न धरता वाटेवर मंद दिवा लावून ठेवावा.

मनीसाठी शेवटी आम्ही सुताराकडून दोन पायऱ्यांचे एक बुटके, रुंद, न डगमगणारे स्टूल करून घेतले आणि पाय घसरू नये म्हणून वर गोणपाट ठोकले. ते खिडकीखाली, जाण्या-येण्याच्या वाटेबाहेर ठेवले. पहिले दोन दिवस तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी वामकुक्षीतून उठली, तेव्हा मनी खिडकीत उन्हाला बसलेली होती. मखमली गादी आता मावशीच्या आरामखुर्चीत, कमरेमागे असते.

परवा नातीने विचारले, या दिवाळीला मनीला काय पाठवू? मावशीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘खोकं मोठं पाठव. आत काय घालायचं ते तू बघ.’