साखरेपासून सेल्युलोज: पाच गैरसमज

कापूस, कागद, लाकूड आणि पालेभाजीचा चोथा या सगळ्यांत सेल्युलोज असतं, आणि ते ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून बनतं. मग साखर आणि विकरं, म्हणजेच एन्झाइम, टाकीत एकत्र ढवळून सेल्युलोज का काढू नये? काढता येतं, पण समजतो तसं नाही.

गैरसमज १: स्टार्च काय, सेल्युलोज काय, दोन्ही ग्लुकोजच, फरक नावापुरता.

वस्तुस्थिती: घटक एकच, जोड वेगळा. स्टार्चमध्ये ग्लुकोज अल्फा पद्धतीने जोडलेलं असतं, त्यामुळे साखळी वेटोळी घेते. सेल्युलोजमध्ये जोड बीटा असतो. प्रत्येक ग्लुकोज आधीच्यापेक्षा उलटं बसतं आणि साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. आपल्या लाळेतलं अमायलेज अल्फा जोड तोडतं, बीटा जोडापुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून भाकरीतला स्टार्च पचतो आणि चोथा तसाच बाहेर पडतो.

गैरसमज २: ग्लुकोजच्या पाण्यात योग्य विकर टाकलं की साखळी आपोआप वाढते.

वस्तुस्थिती: दोन ग्लुकोज जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असलं, की क्रियेचा कल जोडण्याऐवजी तुटण्याकडे राहतो. विकर क्रियेचा वेग वाढवतं, कल बदलत नाही. म्हणून ग्लुकोजला आधी ऊर्जा पुरवावी लागते. वनस्पती त्याला युरिडीन डायफॉस्फेटची जोड देतात. हा गट सुटताना जोडणीची किंमत चुकती होते. साधी साखर थेट वापरली जात नाही, ती आधी ‘तयार’ करावी लागते.

गैरसमज ३: सेल्युलेज हे सेल्युलोज तोडणारं विकर, ते जोडणार कसं?

वस्तुस्थिती: जपानमधील तोहोकू विद्यापीठात शिरो कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हेच करून दाखवलं. त्यांनी ट्रायकोडर्मा बुरशीचं सेल्युलेज घेतलं. कच्चा माल होता दोन ग्लुकोजच्या जोडीला फ्लोरीन लावलेलं सेल्लोबायोसिल फ्लोराइड. फ्लोरीन चटकन सुटतो, त्यामुळे ही जोडी पुढच्या जोडणीला तयारच असते. शिवाय द्रावणात पाणी कमी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक पाचपट ठेवलं, म्हणजे तयार झालेली साखळी तोडायला पाणी फारसं उरत नाही. सजीवांचा जैविक मार्ग न वापरता, विकराच्या मदतीने सेल्युलोज बनल्याचा हा पहिला प्रयोग होता.

गैरसमज ४: साखळी बनली म्हणजे कापूस बनला.

वस्तुस्थिती: कोबायाशींच्या साखळ्या सरासरी २२ ग्लुकोजच्या आसपास होत्या, कापसातल्या साखळीत हजारो असतात. लांबीपेक्षाही अवघड गोष्ट आहे मांडणी. वनस्पतीच्या पेशीपटलावर सेल्युलोज सिंथेज विकरांचे गट बसलेले असतात. त्यांच्यातून साखळ्या एकाच दिशेने बाहेर येतात आणि लगेच एकमेकींना चिकटून तंतू होतो. या रचनेला सेल्युलोज-१ म्हणतात. प्रयोगशाळेत बहुधा सेल्युलोज-२ मिळतं, त्यात शेजारच्या साखळ्या उलटसुलट दिशांना असतात. रेयॉनमध्येही हीच रचना असते. शुद्ध केलेलं सेल्युलेज वापरून १९९४ मध्ये सेल्युलोज-१ मिळालं. २०१६ मध्ये पॉप्लर वर्गातल्या झाडाचं एकच सिंथेज प्रथिन कृत्रिम पटलात बसवून संशोधकांनी तंतू तयार करवून घेतले. तरीही कापसाच्या बोंडात जे घडतं त्याच्या तुलनेत ही अजून सुरुवातच.

गैरसमज ५: हे तंत्र आलं की झाडांची आणि कापसाची गरज संपेल.

वस्तुस्थिती: हा हिशेब उलटा आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत उसातून साखर निघते आणि उरलेला चोथा, म्हणजेच बगॅस, बहुतांशी बॉयलरमध्ये जळतो. कोरड्या बगॅसचा सुमारे चाळीस टक्के भाग सेल्युलोजच असतो. महागडी साखर घेऊन, तिच्यावर ऊर्जा खर्चून, तोच पदार्थ टनावारी बनवण्यात फायदा नाही. मोठ्या प्रमाणात सेल्युलोज हवंच असेल तर सूक्ष्मजीव बरे. व्हिनेगरमधल्या एका जिवाणूची सेल्युलोज-साय १८८६ मध्येच ए. जे. ब्राउन यांनी नोंदवली होती. फिलिपिन्सचा नाटा डी कोको तसल्याच जिवाणूकडून नारळाच्या पाण्यात बनवून घेतात. जिवाणू साखरेला स्वतःच ऊर्जा देतो, ती वेगळी द्यावी लागत नाही.

विकरांचा खरा उपयोग नेमकेपणात आहे. सेल्लोडेक्स्ट्रिन फॉस्फोरिलेज हे विकर ग्लुकोज-१-फॉस्फेट वापरून पाण्यातच दहाएक ग्लुकोजच्या आखूड साखळ्या बनवतं. साखळीतली साखर मुद्दाम बदलून रचना आणि गुणधर्म यांचा संबंधही तपासता येतो. कोबायाशींच्या गटाने याच वाटेने पुढे कृत्रिम कायटिनही बनवलं. टनांचं काम शेताने करावं, मोजून-मापून घडवायच्या रेणूंचं विकरांनी.